वळीव पडला की भुंगेरे निघतात

बेळगावचा उन्हाळा तसा सोसण्यासारखा. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही, दुपारी कितीही तापलं तरी संध्याकाळी पश्चिमेकडून वारं सुटतं आणि माणसं कट्ट्यावर येऊन बसतात. पण वळीव यायच्या आधी काही दिवस असे येतात की ते वारंसुद्धा पडतं. ढग जमतात, गडगडतं, लांब चंदगडच्या बाजूला वीज दिसते आणि आपल्याकडे एक थेंब नाही. त्या दिवसांत घरातलं प्रत्येकजण पावसाकडे डोळे लावून बसलेलं असतं पण कारणं वेगळी असतात, आईला झाडावरचे आंबे उतरवून घ्यायची घाई, चुलत्यांना भाताच्या धूळवाफ पेरणीची, पोरांना गारा पाहिजेत. मला भुंगेरे पाहिजेत.

मार्कंडेय नदीच्या काठाला आमचं गाव. मी नोकरीसाठी बेळगावात राहते, गाव तसं जवळच आहे, आणि मे महिन्यात माझं लक्ष अर्धं ऑफिसात आणि अर्धं गावच्या आभाळात असतं. थोरले चुलते, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते मला ह्या बाबतीत कधीच अंधारात ठेवत नाहीत. त्यांचा हिशेब सरळ आहे. पाऊस नुसता धूळ मारून गेला तर काही होत नाही. माती चांगली चार बोटं खोल भिजली पाहिजे, दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं पाहिजे आणि संध्याकाळी वारं नको. असा दिवस जुळून आला की सकाळीच फोन येतो, "ये पोरी, आज निघणार बघ. सातच्या आत ये की." मग मी चार कामं उद्यावर टाकते आणि गाडी काढते.

मे संपता संपता आमच्याकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. त्याच्यानंतरचा अर्धा-पाऊण तास, म्हणजे आभाळात अजून उजेड आहे पण बांधावरचं गवत दिसायचं बंद झालंय, तेवढीच वेळ. त्याच्या आधी गेलं तर नुसती ओली जमीन दिसते, नंतर गेलं तर सगळे झाडावर पोचलेले असतात. त्या मधल्या वेळेत मात्र शेतात उभं राहिलं की आधी एक घुंऽऽ कानाजवळून जातो, मग दुसरा, मग मोजायचं सोडूनच द्यायचं. शर्टावर आपटतात, केसात अडकतात, बांधावरच्या बाभळीभोवती नुसती गर्दी. हे तपकिरी, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडे कमी-जास्त, दोन-अडीच सेंटीमीटरचे भुंगेरे म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या हुमणीचे, म्हणजे मातीत राहून पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे, आईबाप. शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा.

मला आवडतं ते त्यांचं बाहेर येणं. त्यासाठी उकिडवं बसायचं, टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावायचा आणि जमिनीचा हातभर तुकडा निवडून तिथंच नजर ठेवायची. आधी मातीचं एक ढेकूळ हलतं, बारीकसं. मग थांबतं. परत हलतं आणि त्याच्या बाजूनं डोकं वर येतं, पाठोपाठ पुढचे दोन पाय, रुंद आणि दातेरी, खणायचेच पाय आहेत ते. अंगाला ओली माती चिकटलेली असते. वर आला म्हणून लगेच उडत नाही. तो थांबतो आणि मिशा उघडतो. मिशीच्या टोकाला तीन पातळ पाकळ्या असतात, मिटलेल्या असल्या की नुसती गाठ वाटते, उघडल्या की एकेक वेगळी दिसते आणि हवेतला वास तो ह्याच पाकळ्यांनी धरतो, मादी कुठल्या झाडावर बसलीय ते नराला ह्यांच्यावरूनच कळतं. मग एखादी गवताची काडी बघून तो वर चढतो, पोट आत-बाहेर, आत-बाहेर असं हलवत राहतो, अंगात हवा खेळवून उडायची तयारी चाललेली असते, आणि हवा उबदार असेल तर ही तयारी लवकर संपते, गार संध्याकाळी लांबते. गरम हवेच्या संध्याकाळीच हे सगळं का रंगतं त्याचं एक कारण हे. मग वरची दोन कडक कवचं बाजूला होतात, खालचे घडी घातलेले पंख उलगडतात, ते कवचापेक्षा चांगले लांब असतात, आणि एवढे पंख एवढ्याशा जागेत बसलेच कसे हे मला दरवेळी नव्यानं वाटतं. ती कवचं म्हणजे मुळात पुढचेच पंख, कडक होऊन झाकण झालेले. ह्या झाकणानंच भुंगेऱ्यांना मातीत, शेणात, लाकडात, पाण्यात कुठंही घुसता आलं. जगात नोंद झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे ४ लाख आहेत, म्हणजे माणसानं नाव दिलेल्या प्राण्यांच्या दर चार जातींत जवळपास एक भुंगेऱ्याची.

झाडावर गेल्यावर पुढचा भाग. कडुलिंब, बाभूळ, बोर ही त्यांची आवडती झाडं. मादी पानाला धरून बसते आणि नर जोडीला लागला की तो खाली उलटा लोंबकळतो, टॉर्च मारला की फांदीभर अशा जोड्या दिसतात. ते आटोपलं की खायला सुरुवात. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला सगळं शांत झालेलं असताना अशा लिंबाखाली उभं राहून बघा, पानं कुरतडल्याचा आवाज येतो, बारीक पण सलग, आणि डोक्यावर त्यांची लेंडं टपटप पडत असतात. पहाट व्हायच्या आत सगळे खाली उतरून परत मातीत शिरतात. सकाळी झाडाकडे बघितलं तर शेंड्याची पानं गायब आणि एक भुंगेरा दिसणार नाही.

आता ह्यांचं वर्षाचं गणित सांगते, कारण ते कळल्यापासून माझं बघणंच बदललं. जूनमध्ये मादी मातीत अंडी घालते, साधारण ५० ते ६०. दहा-बारा दिवसांनी अळी निघते, पांढरी, डोकं तपकिरी, वाकडी होऊन पडलेली. सुरुवातीला ती कुजलेला पालापाचोळा आणि बारीक मुळं खाते, मोठी होत जाते तशी पिकाच्या मुळांवर येते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे सगळ्यात वाईट महिने. मग ती खोल जाऊन कोष करते आणि थंडी पडेपर्यंत, नोव्हेंबर-डिसेंबरात, आतमध्ये भुंगेरा पूर्ण तयार झालेला असतो. पंख, मिशा, पाय सगळं जागेवर. पण तो बाहेर येत नाही. संक्रांत जाते, शिमगा जातो, पाडवा जातो, वरून आपण चालतो, बैलगाड्या जातात, ट्रॅक्टर जातो आणि तो तिथंच मातीच्या खोलीत बसून असतो, वळवाचं पाणी खाली झिरपेपर्यंत. म्हणजे आपण त्याला उन्हाळ्याच्या संध्याकाळचा पाहुणा समजतो पण तो बारा महिने आपल्याच पायाखाली असतो आणि वर दिसतो ते फक्त त्याच्या आयुष्यातल्या थोड्या रात्री.

आणि पायाखाली असतो तेव्हा काय करतो ते ज्याचा ऊस आहे त्याला विचारा. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, कागवाड हा सगळा पट्टा उसाचा, कृष्णा-दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावरचा, आणि हुमणी हा तिथला मोठा घोर आहे. नदीकाठच्या जमिनीत आणखी एक जात सापडते, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, कोल्हापूर-सांगलीपासून आमच्या जिल्ह्यापर्यंत. माझ्या मावशीचं घर दूधगंगेकाठी आहे. एके वर्षी गणपतीत गेले होते तर काका मला खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेल्या उसाच्या, फडात घेऊन गेले. लांबून नुसता पिवळा दिसत होता, पाणी कमी पडलंय असं वाटावं. काकांनी एका उसाला हात घातला आणि बुडखा सगळाच्या सगळा वर आला, मुळं नावालासुद्धा नव्हती. खालची माती उकरली तर एकेका बुडख्याखाली जाड-जाड अळ्या. काका काही बोलले नाहीत, ती माती परत पायानं सारखी केली आणि पुढच्या सरीकडे गेले. उसाचं पीक वर्षभर उभं असतं, त्यात घातलेलं बियाणं, खत, सोसायटीचं कर्ज सगळं त्या बुडख्याशी बांधलेलं असतं. त्यामुळे बाभळीभोवतीचे भुंगेरे मला कितीही आवडले तरी ते कुणाच्या तरी ताटातलं खाऊन मोठे झालेत हे मी एक क्षण विसरत नाही.

म्हणून आमच्याकडे त्या संध्याकाळी मी बघते पण आणि गोळा पण करते. दोन्ही मनापासून. हुमणीला अडवायची सगळ्यात सोपी आणि स्वस्त वेळ हीच असते कारण मादीनं अजून अंडी घातलेली नसतात. एकदा अळी मातीत खोल गेली की औषध किती ओतलं तरी पोचेलच असं नाही. लांब काठीला आकडी बांधायची, फांदी हलवायची, खाली जुनं लुगडं किंवा खताच्या पोत्यांची शिवलेली चादर पसरायची आणि पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या घमेल्यात. रॉकेल नसलं तर डिझेल. पण हे एका घरानं करून भागत नाही, माझ्या शेतातले मारले आणि शेजारच्याच्या बांधावरची बाभूळ तशीच ठेवली तर रात्रीत ते इकडं येणारच. अख्ख्या गावानं एकाच आठवड्यात उतरायला लागतं. आमच्या गावात त्यासाठी देवळाच्या स्पीकरवरून आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये सांगतात, हुमणी म्हणा की गोण्णे हुळू म्हणा, सगळे आपापलं घमेलं घेऊन येतात. सीमाभागातल्या बाकीच्या गोष्टींवर कितीही वाद झाले तरी ह्या कामात कधी कुणी कुठली भाषा बोलतोय ते बघत नाही, आणि ह्याचा मला अभिमान आहे.

ह्याच्यात आप्पांच्या पिढीचा वाटा फार मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नेमकी कुठली संध्याकाळ हे त्यांना कळतं कारण ते संध्याकाळी बाहेर बसतात. हवा कुबट झाली, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, मातीचा वास कसा येतोय, हे सगळं कट्ट्यावर बसल्याशिवाय कळत नाही. आता सात वाजले की दारं लागतात आणि टीव्ही, मोबाईल. व्हॉट्सअपवर सल्ला येतो, चांगला असतो, मी पण पुढं पाठवते, पण तो अख्ख्या जिल्ह्यासाठी एकच असतो. आमच्याकडे येळ्ळूर-खानापूरच्या बाजूला वळीव झोडपतो त्या दिवशी अथणीला धूळ उडत असते. आपल्या बांधावर आज निघणार का उद्या हे बघायला आपल्याच गावचं माणूस लागतं.

औषधाचं निघालं म्हणून सांगते, कृषी दुकानात मेटारायझियम नावाची पूड मिळते, ती बुरशी आहे. शेणखतात मिसळून सरीत टाकतात, ओल असेल तर ती अळीच्या अंगावर रुजते आणि अळी मरून कडक होते, वर हिरवी बुरशी येते. ही बुरशी कुणी प्रयोगशाळेत बनवलेली नाही, १८७९ साली मेचनिकॉव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाला ओडेसाकडे गव्हावरच्या एका भुंगेऱ्याच्या अळीवर ती सापडली. पुढे १९०८ साली त्याला नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, शरीराच्या रोगप्रतिकारावरच्या. पण मला तो आठवतो तो मेलेल्या अळीकडे नीट बघणारा माणूस म्हणून.

सगळेच मोठे भुंगेरे हुमणीचे नसतात हे मात्र आवर्जून सांगायला पाहिजे, कारण गोळा करायच्या नादात पोरं दिसेल ते घमेल्यात टाकतात. आमच्या परड्यात नारळाची झाडं आहेत आणि मागं उकिरडा, त्यामुळे गेंडा भुंगा घरचाच. तो चार-पाच सेंटीमीटरपर्यंत जातो, काळा कुळकुळीत, नराच्या डोक्यावर मागं वळलेलं शिंग, मादीचं शिंग आखूड आणि तिच्या शेपटाकडे तांबूस केसांचा झुपका. हा उजेडाला येतो. भिंतीवर आपटून ठप्पकन पडतो आणि हातात धरला की चिर्र-चिर्र करतो, पोट कवचावर घासून काढलेला आवाज आहे तो, चावायचा काही संबंध नाही. माझ्या भाचीनं पहिल्यांदा मुठीत धरला तेव्हा किंचाळलीच, "मावशी, हा ढकलालाय मला!" खरंच ढकलतो, बंद मुठीतून बाहेर पडायची त्याच्या पायात एवढी ताकद असते की बोटं आपोआप उघडतात. हा नारळाच्या गाभ्यात भोक पाडून कोवळी पानं खातो आणि ती झावळी काही महिन्यांनी उलगडली की कात्रीनं त्रिकोण कापून काढल्यासारखी दिसते. मोठ्या झाडाचं फार बिघडत नाही, लहान रोपाचा गाभा गेला की रोप गेलं. १९०९ साली हा आपल्या बाजूचा भुंगा रोपांबरोबर सामोआ बेटांवर पोचला आणि पॅसिफिकमधल्या नारळबागांना त्यानं घाम फोडला. उकिरडा वेळेवर उपसला तर इथं तो आवरतो, आई ते काम पाडव्याच्या आसपास करून टाकते.

मग शेणकिडे. पहिल्या पावसानंतर हे पण उडतात, काही चांगले मोठे असतात, आणि ते शेतकऱ्याचे पक्के मित्र, शेण खाली मातीत ओढून नेतात, जमीन भुसभुशीत करतात, फुकटात. ह्यांना घमेल्यात टाकलेलं मला अजिबात चालत नाही, पोरांना तसं ठणकावून सांगितलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीवर २०१३ साली प्रयोग झाले, शेणाची गोळी ढकलताना तो किडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ दिशा धरतो असं दिसलं. मला ही गोष्ट फार भारी वाटते. गोठ्यातल्या जनावरांची संख्या गावात कमी होत चाललीय, घरटी एखादी म्हैस नाहीतर डेअरीसाठी जर्सी, त्यामुळे शेतात पडणारं शेणच उरलं नाही आणि शेणकिडे माझ्या लहानपणी दिसायचे तेवढे आता दिसत नाहीत.

उजेडाचं पण तसंच. पूर्वी आमच्या सोप्यावर ट्यूबलाईट होती, गल्लीच्या तोंडाला मोठा पिवळट-निळा दिवा, त्याच्याखाली वळवाच्या रात्री नुसता सडा पडायचा, बेडूक येऊन बसायचे, तारेवर पिंगळा. आता एलईडी आलेत. ट्यूबमधून अतिनील किरण थोडे बाहेर पडायचे आणि किड्यांना ते दिसतात, एलईडीतून ते जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे घरात भुंगेरे कमी आले म्हणून बाहेर पण कमी झाले असं लगेच समजू नये. किडे उजेडाभोवती का फिरतात ह्यावर २०२४ साली एक चांगला अभ्यास आला. किड्याला उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची सवय असते कारण लाखो वर्षं उजेड म्हणजे आभाळ, म्हणजे वर. दिवा बाजूला आला की तो त्याच्याकडे पाठ करायला जातो आणि गोल-गोल फिरत अडकतो, दिव्याच्या वर गेला की उलटाच होऊन पडतो. तो दिव्याच्या प्रेमात वगैरे काही नसतो, त्याची वर-खालीची समजूत आपण बिघडवलेली असते. हे वाचल्यापासून त्या आठवड्यात मी बाहेरचा दिवा बंद ठेवायला लावते, आणि आईनं आधी कटकट केली तरी आता ती स्वतःच बंद करते.

युरोपात आपल्या हुमणीचा एक नातेवाईक आहे, मेलोलोंथा, तो मे महिन्यात उबदार संध्याकाळी असाच घोंगावत निघतो. त्याची अळी तीन-चार वर्षं मातीत राहते. एकेकाळी तो इतका असायचा की पोरं खोक्यात पाळायची, मग विसाव्या शतकाच्या मध्यात कीटकनाशकांच्या माऱ्यानं खूप भागांतून दिसेनासाच झाला आणि नंतर काही ठिकाणी हळूहळू परत आला. तिथं लोक आता तो दिसला की एकमेकांना सांगतात. मी हे वाचते तेव्हा मला दोन्ही बाजू कळतात, ज्याची मुळं खाल्ली गेली त्याची पण आणि ज्याच्या मे महिन्यातून तो आवाजच गेला त्याची पण. आपल्याकडे लोक काजवे बघायला गाड्या काढून जांबोटी-चोर्ल्याकडे जातात, जावंच, काजवा पण भुंगेऱ्यांच्याच कुळातला. पण ह्या बिनउजेडाच्या तपकिरी भुंगेऱ्यासाठी कोण कुठं जात नाही, तो तर दाराशीच येतो.

आमच्या बांधावरच्या जुन्या बाभळी आता थोड्याच राहिल्यात. रिंगरोडच्या बाजूला प्लॉट पडलेत, तिथल्या लिंबांवर गेल्या उन्हाळ्यात काही नव्हतं, आणि असणार पण कसं, खालची जमीनच पेव्हरनं झाकली. आप्पांच्या मते बाभळी तोडल्या म्हणून हुमणी कमी झाली नाही, ती फक्त कुठं बसते ते आपल्याला कळेनासं झालं, आता ती लांबच्या बोरीवर नाहीतर कुंपणाच्या झुडपावर बसते आणि तिथं कुणी जात नाही. मला ते पटतं. बांधावर एक-दोन बाभळी ठेवाव्यात, त्या आठवड्यात त्यांच्यावर नजर ठेवावी, सगळं एका जागी गोळा करता येतं.

ह्या वर्षी तुम्हाला बघायचं असेल तर दुसऱ्या चांगल्या वळवानंतर जा. पावसाच्या दुसऱ्या दिवशी, सातला शेतात पोचायचं. पांढरा टॉर्च थेट मारू नका. पायात बूट घाला, कारण त्याच ओलीला फुरसं, विषारी साप, पण बाहेर येतं आणि आमच्या लाल मातीत ते दिसत नाही. शिंगवाला, शेणातला, चमकणारा असा कुठलाही भुंगेरा घमेल्यात टाकू नका, फक्त लिंब-बाभळीवरचे तपकिरी. आणि आमच्या गावाकडे आलात तर पहिला अर्धा तास नुसतं बघा, मग आप्पा काठी देतील. माणसं दरवर्षी कमीच पडतात, काठ्या आणि घमेली भरपूर आहेत.